ग्रुपवर पडलेलं पापनिवेदन

मिशन वस्ती, ता. मोताळा
७ जून २०२०

अर्पिताताई,

आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, म्हणून आधी ओळख सांगते. मी समता, तुमच्या भावाची, प्रेमानंदांची बायको. लग्नाला आठ वर्षं झाली. तुम्ही आला नव्हतात. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण एकदा वाचून फाडा. फोनच केला असता, पण तुम्ही आमच्या घरातले सगळे नंबर बंद करून ठेवले आहेत. नवीन सिम घेऊन तुम्हाला गाठावं, एवढी मी चलाख नाही.

तुमच्या आई, म्हणजे आमच्या बाई, ठणठणीत आहेत. तुम्ही नाशिकला कोविड वॉर्डात ड्यूटीवर आहात हे आपल्या वस्तीतल्या कचरूभाऊंच्या भाचीकडून कळलं. ती तुमच्याच हॉस्पिटलात आहे ना? तेव्हापासून बाई रोज जपमाळेत तुमचं नाव घेतात. घेताना माझ्याकडे अशा बघतात की मीच तुम्हाला वॉर्डात पाठवलं आहे.

आपलं चर्च मार्चपासून बंद आहे. झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर, सगळं कुलपात गेलं. फादर रिकाम्या चर्चमध्ये मिस्सा करतात आणि आम्ही ती मोबाइलवर बघतो. बघतो म्हणजे काय, तर प्रेमानंद फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात, बाई धुतलेलं लुगडं नेसून, पदर घेऊन त्या डब्यासमोर बसतात आणि फादरांनी हात वर केले की नेमकं चित्र थांबतं. तोंड उघडं, हात वर, फादर तसेच अडकलेले. एकदा ख्रिस्तप्रसादाच्या प्रार्थनेत ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात लागली. बाईंनी तिलाही आमेन म्हटलं.

एवढं चालवून घेतलं. पण बाईंना पापनिवेदन हवं होतं, फादरांच्या कानात पाप सांगून मोकळं व्हायचं होतं. फादरांनी चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनदा कळवलं की पापनिवेदन फोनवर होत नाही, मनात पश्चात्ताप करा, चर्च उघडलं की या. बाई म्हणाल्या, "तवरिक मेली त?" मी म्हटलं, देव समजून घेईल. म्हणाल्या, "देवाले समजते वं, पण मले बोलाचं हाय न."

मागच्या रविवारी दुपारी मी भेंडी चिरत होते, फोन वाजला म्हणून बोट लावलं आणि त्यातून बाईंचा आवाज आला. बाई तर मागच्या अंगणात होत्या. "फादर, हे माहं पापनिवेदन हाय. लय वर्षाचं हाय." मग शेजारच्या घरातून तेच. मग समोरून. सगळ्या वस्तीत बाईंचा आवाज, एक फोन दुसऱ्याच्या चार शब्द मागे. फादरांना पाठवायचं ते बाईंनी पॅरिशच्या ग्रुपवर टाकलं होतं. बोट दाबून बोलायचं आणि बोट उचललं की जातं, हे मीच त्यांना शिकवलं. कुणाला जातं हे शिकवायला हवं होतं. प्रेमानंदांनी धावत जाऊन बाईंच्या फोनवरून ते पुसलं, पण तोवर ऐंशी-नव्वद माणसांचं ऐकून झालं होतं.

बाईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं फादरांनी एकट्यानं ऐकलं. कुणी सांगायचं त्यांना? मी नाही सांगणार.

संध्याकाळी फादरांचा आवाज ग्रुपवर आला; बाईंच्या फोनमधून तो प्रेमानंदांनी लगेच पुसला. हे फादर केरळचे आहेत, त्यांच्या मराठीत सगळ्या वस्तू पुल्लिंगी असतात. म्हणाले, "हा पापनिवेदन नाही झाला. पण तो म्हातारी देवाकडे निघाला होता, आपण रस्त्यात ऐकला. जो ऐकला, तो पोटात ठेवायचा. बायको नवऱ्याला नाही, नवरा बायकोला नाही, कोणी कोणाला नाही." आम्ही ऐकताना हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे माझ्या गळ्याशी आलं आहे.

कारण ताई, त्या पापनिवेदनात तुमचं नाव होतं. दोन हजार दहा सालच्या तुमच्या लग्नाच्या पुकारीबद्दलही होतं. अरे देवा, एवढंही लिहायला नको होतं. पण शाई वाळली.

ती पुकार मी ऐकलेली नाही, मला जे सांगण्यात आलं ते एवढंच. मिस्सेनंतर तीन रविवार नवरा-नवरीची नावं पुकारतात, कुणाला अडचण माहीत असेल तर सांगा म्हणून. तुमची दोन रविवार पुकारली. तिसऱ्या रविवारी नाही. मुलगा लोणारचा, कामाला सुरतला. त्याची आधीची बायको आहे असं कुणीतरी तेव्हाच्या फादरांच्या कानावर घातलं होतं. चौकशी झाली, खोटं निघालं, पण तोवर लोणारची माणसं अपमान झाला म्हणून मोडून मोकळी झाली. आणि आदल्या शनिवारी फादरांच्या बंगल्यातून तुमचा भाऊ बाहेर येताना तुम्ही पाहिला होता. तुम्ही त्याला काय काय बोललात, तेही मला माहीत आहे.

ज्यानं ते केलं त्याचं नाव मला आता माहीत आहे. सांगू शकत नाही. माझा नवरा त्या दिवशी तिथं पंपाची मोटर दुरुस्त करायला गेला होता, हे मात्र सांगते. ते पापनिवेदनातलं नाही, ते त्यांनी मला लग्नानंतर स्वतः सांगितलं आहे.

एकदा या. नाहीतर फोन सुरू करा.

समता


मिशन वस्ती
१६ ऑगस्ट २०२०

अर्पिताताई,

तुमचं कार्ड मिळालं. "माझ्या भावानं काय केलं ते मला माहीत आहे. पुन्हा लिहू नये." एवढंच. नमस्कारसुद्धा नाही. बरं वाटलं, निदान पत्ता बरोबर आहे.

लिहू नये म्हणता म्हणून मी लिहिणार नाही असं नाही. तुम्ही चिडका स्वभाव घेऊन नाशिकला बसला आहात, मी माझा घेऊन इथं बसले आहे. फरक एवढाच की माझ्या घरात तुमची आईही आहे.

त्या पापनिवेदनानंतर बाईंची तब्येत अशी सुधारली की विचारू नका. दोन भाकरी खातात. घोरतात. बोलून मोकळ्या झाल्या आणि सगळं ओझं आमच्या डोक्यावर ठेवलं. विहिरीवर बायका जमल्या की कोविडचं बोलतात, शाळेचं बोलतात, मग एकदम गप्प होतात आणि बाईंकडे बघत बसतात. बाई म्हणतात, "काय वं, तोंडाले फडकं बांधलं त बोलणंबी बांधलं काय?"

सगळ्यात हाल कचरूभाऊंचे आहेत. ते चाळीस वर्षं उपदेशक होते, वस्तीतली कुठलीही बातमी आधी त्यांच्याकडे आणि मग देवाकडे जाते. त्यांना सांगणं म्हणजे भोंगा लावणं. पण यावेळी फादरांचा शब्द त्यांनी मनावर घेतला आहे. परवा आले, ओट्यावर लांब बसले, म्हणाले, "समता, मले झोप लागत नाही." मी म्हटलं, का? म्हणाले, "ते नाही सांगू शकत." मी म्हटलं, मलाही नाही. मग दोघं चहा प्यायलो आणि ते गेले.

प्रेमानंदांचं काय सांगू? हा माणूस ढिम्म आहे. ऐकलं त्या दिवशी ते विहिरीच्या मागे जाऊन बराच वेळ उभे होते. परत आले आणि बाईंच्या बीपीच्या गोळ्या काढून दिल्या, पाणी दिलं. मी म्हटलं, अहो, तुमच्यावर एवढी वर्षं आळ आहे, तुम्ही तरी बहिणीला कळवा. तर म्हणाले, "तिनं मले नाही सांगतलं. फादरले सांगतलं. मी काऊन ऐकू?" म्हटलं, ऐकलंत ना पण? म्हणाले, "ऐकलं नाही असं समजाचं." असं कसं समजायचं, ताई? मला तर भाकरी थापतानाही तोच आवाज ऐकू येतो. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावर माया येते, दोन्ही एकाच वेळी, आणि त्या भरात मी भांडी आपटते.

पुढच्या तीन ओळी मी लिहिल्या आणि खोडल्या आहेत. कागद उजेडासमोर धरू नका. चांगलं दाबून खोडलं आहे, दिसणार नाही. मी बघितलं धरून.

काल मरियामाईचा सण होता. घरातच साजरा केला. बाईंनी फोनच्या डब्याला झेंडूची माळ घातली. मिस्सा संपल्यावर मला विचारलं, "पोस्टमन आल्ता काय?" हे त्या आजकाल रोज विचारतात. मी म्हटलं, तुमचं कोण पत्र पाठवणार आहे? डब्यावरची माळ सरळ करत बसल्या. मला नंतर वाईट वाटलं. तुमचं कार्ड मी त्यांना दाखवलेलं नाही.

तुम्ही स्वतःला जपा. एवढं मात्र खरंच.

समता


मिशन वस्ती
२४ नोव्हेंबर २०२०

अर्पिताताई,

तुमचं उत्तर नाही. तुमच्यापुढे हात टेकले, तरी लिहिते.

चर्च उघडलं. आठ महिन्यांनी. ख्रिस्तराजाच्या सणाची मिस्सा झाली. दाराशी हातावर सॅनिटायझर, आत खडूची वर्तुळं, एकात एकानंच उभं राहायचं. फादर ख्रिस्तप्रसाद तळहातावर असा लांबून सोडत होते की पडतो की काय या धाकानं माझं प्रार्थनेकडे लक्षच नव्हतं. तरी रडू आलं. सगळ्यांनाच आलं. मास्कच्या आत नाक गळत होतं आणि हात लावायची बंदी.

आणि मग पापनिवेदन. आतल्या कोंदट जागेत नको म्हणून फादरांनी लिंबाखाली दोन खुर्च्या टाकल्या, मध्ये दोन हात अंतर. बाईंना या वर्षात कानानं कमी ऐकू येतं. फादर हळू बोलले की त्या "काय?" म्हणून ओरडतात, आणि जिला ऐकू येत नाही ती स्वतःही ओरडूनच बोलते. पहिलं वाक्य रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. फादर ताडकन उठले, आम्हा सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं आणि म्हणाले, "मोठा आवाजात गाणं म्हणायचा. थांबायचा नाही." मग काय, आम्ही सगळे रस्त्यात उभे राहून, मास्क लावून, जीव तोडून भजनं म्हणत होतो. रोहिणखेडहून येणारी काळीपिवळी जीप थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, आज काय आहे? कचरूभाऊ गाता गाता म्हणाले, काही नाही, जा. चार गाणी संपली, पाचवं सुरू केलं, तेव्हा फादरांनी हात केला.

बाई आत काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि यावेळी खरंच माहीत नाही. प्रायश्चित्त काय मिळालं हे विचारायचं नसतं. पण तोंड असं करून आल्या की दहा जपमाळांवर सुटलेलं तोंड ते नव्हे. घरी येऊन चूल फुंकत म्हणाल्या, "या फादरले काही समजत नाही. नवा हाय." मी म्हटलं, काय झालं? म्हणाल्या, "म्या बोललं, पुष्कळ झालं. आता पुढचं मानसाईनं कराव."

कुठल्या माणसांनी? काय करावं? काही सांगत नाहीत. नुसतं पोस्टमन आला काय, पोस्टमन आला काय. ताई, मी थकले आहे. एकीकडे तुम्ही, एकीकडे त्या, मध्ये तोंड शिवलेला नवरा, आणि फादरांचा शब्द मानून गप्प बसलेली मी. मला कधीकधी वाटतं की पाप एकीनं केलं आणि प्रायश्चित्त सगळ्या पॅरिशला वाटून दिलं.

नाताळला रजा मिळते का बघा. नाही मिळाली तर नाही मिळाली म्हणून तरी कळवा.

समता


मिशन वस्ती
२० डिसेंबर २०२०

अर्पिताताई,

आज जे झालं ते सांगायला मला आता कुणाची बंदी नाही. राग आला आहे की आणखी काही, मला समजत नाही.

कचरूभाऊंची भाची नाशिकहून रजेवर आली आहे. आज मिस्सा सुटल्यावर बाईंनी तिला चर्चच्या पायरीशीच गाठलं. "आमची अर्पी काय म्हन्ते?" ती म्हणाली, बरी आहे. बाई म्हणाल्या, "तसं नाही वं. ते आयकून काय म्हनली?" भाची म्हणाली, काय ऐकून? बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवून कचरूभाऊंना शोधलं.

"कचरू, तुह्या भाचीले तू काहीच नाही सांगतलं?"

कचरूभाऊ छाती काढून म्हणाले, "एक शब्द नाही, गोजरबाई. सहा महिने झाले, पोटात ठेवलं."

"काऊन ठेवलं बे?"

कचरूभाऊ म्हणाले, "फादरनं सांगतलं, बोलाचं नाही." आणि बाई अशा कडाडल्या की फादर आतून झगा सावरत बाहेर आले.

"आयुष्यभर तुह्या तोंडात तीळ भिजला नाही! कोनाच्या घरी काय शिजलं ते तू मोताळ्यापावतर सांगत जाशीन, आन माहं एक काम पडलं त तुह्यं तोंड बंद? तुह्यासाठीच त टाकलं होतं म्या ते!"

मी म्हटलं, बाई, तुम्ही चुकून ग्रुपवर टाकलं होतं ना? माझ्याकडे वळल्या. "चुकून कसाले? फादरच्या फोटूत चष्मा हाय, गुरुपच्या फोटूत मरियामाय हाय. मले वाचता येत नाही, दिसते त."

कळतं आहे का तुम्हाला? त्यांनी मुद्दाम टाकलं होतं. तुमचा फोन लागत नाही. लागला असता तरी तोंडातून निघालं नसतं. म्हणून म्हातारीनं हिशेब केला की सगळ्या वस्तीला ऐकवावं, वस्तीच्या पोटात काही राहत नाही, कचरूभाऊ भाचीला सांगतील, भाची तुम्हाला सांगेल, आणि तुम्ही फोन कराल किंवा शिव्यांचं पत्र पाठवाल. त्याच पत्रासाठी त्या पोस्टमनची वाट बघत होत्या. आणि जन्मात पहिल्यांदा आम्ही सगळे, चुगलखोर म्हणून पंचक्रोशीत नाव असलेले आम्ही, एका शब्दाला जागलो. सहा महिने! मी रस्त्यात उभी राहून घसा फुटेपर्यंत गायले, ताई, ऐकू येऊ नये म्हणून!

कुणालाच हसता येईना आणि रडताही येईना. कचरूभाऊंनी पायरीवर बसून घेतलं. फादर खाली आले आणि बाईंच्या कानाशी, अंतर वगैरे विसरून, म्हणाले, "आई, मी तुम्हाला तो सांगितला होता. तुम्हीच बोलायचा." बाई म्हणाल्या, "मालूम हाय." मग माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "चाल घरी. लिही."

घरी आल्यावर मला वाटलं टाळतील. पाणी प्यायल्या, चूल सारवली, परत पाणी प्यायल्या. प्रेमानंद दारात आले तर म्हणाल्या, "तू तेथंच उभा राह्य. जाऊ नको." मग भिंतीकडे तोंड करून बोलायला लागल्या. एवढ्यात उठून त्यांनी स्वतःच तोंड फिरवलं आणि प्रेमानंदांकडे बघत बोलल्या. पुढचे शब्द त्यांचे आहेत. मी एकही बदललेला नाही.

"अर्पे, मी तुही माय बोलून राह्यली, समता लिहून राह्यली. तुह्या लग्नाची पुकार म्या थांबवली. त्या पोराची बायको हाय असं फादरले म्याच सांगतलं. खोटं होतं ते. तुहा बाप नुकताच गेल्ता. तू सुरतले जाशीन, मंग मले कोन, एवढंच माह्या डोक्यात होतं. प्रेम मोटर सुधरवाले गेल्ता, दुसरं काही नाही. तू त्याले बोलत होती तवा मी चुलीपाशी बसून आयकत होती. तवाच उठून सांगाचं होतं. नाही उठली. तो शिव्या खात राह्यला आन मी भाकर थापत राह्यली. त्याच्या तोंडाकडं पाहून मले हे बोलता येत नव्हतं, आज पाहून बोलून राह्यली. माफ कर असं नाही म्हनत. तुले करावं वाटलं त कर. मले वाटलं होतं, लग्न मोडलं त तू माह्याजोळ राहशीन. सुरतले गेली असती त नाताळले त आली असती."

इथं त्या थांबल्या. प्रेमानंद आत आले आणि त्यांच्याजवळ खाली बसले. मी विचारलं, अजून काही? म्हणाल्या, "झालं. आता नाव टाक."

मी गोजरबाई असं लिहिलं. म्हणाल्या, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं.

"ते नको," म्हणाल्या. "ते खोड. माय लिव."

~~गोजरबाई~~

माय